कोनाड्यातली बाटली

तेलाला वास नव्हता. म्हणजे होता, पण रोजचा नव्हे. दत्तारामने बाटलीचं बूच पुन्हा काढून नाकाशी धरलं, तळहातावर दोन थेंब घेऊन हुंगले, आणि पौषातल्या त्या बोचऱ्या सकाळी ठमाबाई कासारणीच्या बंद घराच्या ओटीवर तो तसाच हात पसरून उभा राहिला. करंजेलाचा वास काय लपतो? कडवट, उग्र, एकदा नाकात बसला की दिवसभर हलायचं नाव नाही. दीड महिना रोज सकाळी ह्याच कोनाड्यातून हीच बाटली काढून तो पायांना चोळत आला होता. गुडघ्यापासून नखांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, टाचांच्या भेगांत. आणि आज बाटलीत तिळाचं गोडं तेल. तेही बोटभर. एरवी नव्याने भरली की गळ्यापर्यंत असायची. "कळलं हिला," तो स्वतःशीच म्हणाला. लाज वाटायला हवी होती, पण ती मागाहून आली. आधी वाटलं ते एवढंच, की बाईने बरोबर जागा हेरली.

पोलादपूरची पेठ उठून दीड महिना झाला होता. मार्गशीर्षात उंदीर पडायला लागले तशी माणसं घरांना कुलपं लावून सावित्रीपलीकडच्या माळावर गेली, पेंढ्याची खोपटी उभी राहिली, आणि पेठेत उरली ती कुत्री, बंद दारं आणि देव. देव हलवायचे नाहीत ही इथल्या काही घरांची रीत. एकदा बसवलेले टाक उचलून खोपटात नेले तर परतताना होमहवन, शांत, जेवणावळी. त्यापेक्षा देव घरात आणि माणसं रानात. पण देवाला उपाशी, अंधारात कसं ठेवायचं? मग भटजी आहेत की! अशी पाच घरं दत्तारामच्या गळ्यात पडली होती. "देवाचं काम करनाऱ्याला काय होतंय?" असं गोमाजी वाणी त्याच्या तोंडावर हसत हसत म्हणाला होता. काय होतं ते दत्तारामला चांगलं ठाऊक होतं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. बाकी सारं वर्ष त्याची चूल ह्याच पाच घरांवर पेटायची. महाडहून आलेल्या साथीच्या डॉक्टरने माळावर सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं: उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं ऊन रक्त शोधतात, फार तर वीतभर उडतात, म्हणून पाय सांभाळा. डॉक्टरची माणसं बूट घालून, गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळून, त्यांवर रॉकेल शिंपडून घरांत शिरायची. दत्ताराम शिरायचा तो सोवळ्याचा मुकटा नेसून, उघड्या पायांनी. सोवळ्यात पट्ट्या कशा चालतील? आणि रॉकेल फासलेल्या अंगाने देवाला शिवायचं? कुणी पाहिलं असतं तर साथ संपल्यावरही त्याला त्या पाच घरांत कुणी उभं केलं नसतं. करंजेल तेवढं चालण्यासारखं होतं. गुरांच्या गोचिडांना लावतात, पोरींच्या डोक्यातल्या उवांना लावतात, पिसवांना का नको? शिवाय देवापुढे जळणारं तेल, त्याला ओवळं कोण म्हणणार! विकत आणावं तर पेठेतला तेली कधीच महाडला पळालेला. ठमाबाईच्या परसात मात्र करंजाची तीन झाडं होती, आणि तिच्या ओटीवरच्या कोनाड्यात दिव्यासाठी ठेवलेली ही बाटली. पहिल्या दिवशी त्याने चोरासारखं इकडेतिकडे पाहून पसाभर तेल घेतलं. दुसऱ्या दिवशी इकडेतिकडे पाहिलं नाही. तेव्हापासून तो फेरी हिच्या घरापासून सुरू करायचा आणि त्याच तेलावर उरलेली चार घरं उरकायचा.

बाकी खबरदारी तो घेतच होता. दार उघडलं की लगेच आत जायचं नाही. उंबऱ्याबाहेर थांबायचं, काळोख डोळ्यांत मुरू द्यायचा. माश्या घोंगावतात का ऐकायचं. वास घ्यायचा. जमिनीवर बसायचं नाही, दोन पाट एकावर एक ठेवून पाय वर घेऊन बसायचं. बाहेर आलं की थेट नदीवर, मुकटा पाण्यात बुडवायचा, उन्हात झटकून वाळवायचा, आणि कोरं पांढरं धोतर नेसून त्याच्यावर काळा ठिपका दिसतो का बघायचं. बायकोला आणि पोरीला त्याने पहिल्याच आठवड्यात वरंधला माहेरी धाडलं होतं. पोरीच्या आठवणीने जीव तुटायचा, पण तिकडे जायचं त्याने मनातही आणलं नाही. कपड्याच्या घडीतून काय बरोबर जाईल कुणी सांगावं? खोपटात एकटा पडला की त्याचा हात आपोआप जांघेत जायचा. आधी उजवी बाजू, मग डावी. गाठ तिथे येते. काही नसायचं. मग वाटायचं, नीट दाबलं नाही, की पुन्हा.

लोक लपवतात, हे त्याच्या मनाने घेतलं होतं आणि त्याला कारणही होतं. गोमाजीच्या माजघरात तिसऱ्या दिवशी त्याने एक उपडी टोपली पाहिली. टोपली उपडी का? पायाने सरकवली तर खाली उंदीर, फुगलेला. घर सोडतानाच पडलेला असणार, आणि गोमाजीने टोपली झाकून कुलूप घातलेलं असणार. कारण उंदीर पडला म्हटलं की डॉक्टरची माणसं येऊन जमीन खणतात, कौलं उतरवतात. दुसऱ्या दिवशी विचारलं तर गोमाजी म्हणतो, "टोपली? कसली टोपली, भटजी?" तेव्हापासून दत्तारामला पेठेतली प्रत्येक उपडी वस्तू दिसायची. पाटीवर पाटी, मडक्यावर झाकण. पण खरं सांगायचं तर हे गोमाजीपासून सुरू झालं नव्हतं. तो सहा वर्षांचा असताना अशीच साथ आली होती, आणि वडील एका संध्याकाळी पूजा आटपून घरी आले ते उजवा पाय जरा बाहेर टाकत. आईने विचारलं, पायाला काय झालं? वडील म्हणाले, "मुंगी चावली." रात्री निजताना त्यांनी तो पाय दुमडून घेतला, घोंगडीचा त्या गुडघ्यावर उंचवटा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आईने विचारलं, पुन्हा मुंगीच. तिसऱ्या दिवशी सांगायला ते शुद्धीत नव्हते. दत्तारामला त्यांचा चेहरा आता धड आठवत नाही, पण घोंगडीचा तो उंचवटा आठवतो. आपलीच माणसं सांगत नाहीत, तर परकी कशाला सांगतील?

आणि ठमाबाई? ती तर अशी की चार वाक्यं बोलेल तर त्यांतली तीन पोटात ठेवून बोलेल. विधवा बाई, मुलगा सयाजी मुंबईला भांड्यांच्या दुकानात; तो गेल्यापासून देवापुढचा दिवा एक दिवसही खंडू द्यायचा नाही हा तिचा हट्ट. आठ दिवसांनी एकदा ती तोंडाला पदर लावून नदी ओलांडायची, ओटीवर बाटली भरून ठेवायची, आत न जाता परतायची. चार दिवसांपूर्वी दत्ताराम प्रसाद द्यायला तिच्या खोपटाशी गेला होता तेव्हा तिने त्याच्या पायांकडे पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, टक लावून. आणि म्हणाली होती, "भटजी, पाय कशे तुकतुकीत हायत तुमचे." हसली नाही, काही नाही. तेव्हा त्याला ते कौतुक वाटलं होतं! आता त्या वाक्याला एकेक पाय फुटायला लागले. तुकतुकीत म्हणजे तेलकट. तेलकट म्हणजे कुठलं तेल? बाईने मनात नोंद केली, खोपटात बसून विचार केला, आणि केलं काय, तर तोंडावर चोर म्हटलं नाही. बाटली बदलली. असं तेल घातलं की दिवा जळेल पण पिसवा हटणार नाहीत. आणि बोटभर, म्हणजे चोळायला उरूच नये. काल संक्रांत झाली, म्हणून तीळ? एक क्षण त्याला तसं वाटलंही. पण मग बोटभरच का? सणाला हात असा आखडतात होय? छे. ही शिक्षा होती. चांगली शांतपणे, देवाच्या नावाने दिलेली.

दीड महिना मी इथे जीव मुठीत धरून शिरतो ते कुणासाठी? तुझ्या देवासाठी, तुझ्या सयाजीसाठी! माझ्या नडग्यांना दोन पळ्या तेल लागलं तर तुझ्या देवाचं काय अडलं? बरं तर. त्याने बाटली तळहातावर उपडी केली आणि ते सगळं गोडं तेल, शेवटच्या थेंबापर्यंत, पायांना चोपडलं. उपयोग नाही हे ठाऊक असून चोपडलं. "आता जाळ म्हणावं दिवा," तो मोठ्याने बोलला, आणि रिकाम्या गल्लीत आपलाच आवाज ऐकून दचकला.

आत काळोख होता. तो रोजच्यासारखा उंबऱ्याशी थांबला नाही. राग माणसाला धिटाई देतो की मूर्खपणा, कोण जाणे. देवघरात समई कालची काजळी घेऊन उभी होती. त्याने पाट मांडले, पाणी घातलं, गंध लावलं, दाराच्या उजेडात दिसतील तेवढे टाक पुसले. रोज ह्या वेळी ज्योत असायची आणि ज्योतीबरोबर तो कडवट वास, आणि त्या वासात त्याला सुरक्षित वाटायचं. आज देव नुसते धातूचे तुकडे दिसत होते. फूल वाहायला तो पुढे वाकला, डावा पाय पाटावरून निसटून जमिनीला लागला, आणि पोटरीत चर्रकन काही टोचलं. सुई टोचावी तेवढंच. त्याने झटक्याने हात मारला. बोटांखाली काही नव्हतं. मग घोट्याजवळ पुन्हा. तो उठला, पाटाला अडखळला, ताम्हण लवंडलं, आणि समई तशीच कोरडी ठेवून तो रिकामी बाटली मुठीत धरून बाहेर आला. उरलेल्या चार घरांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

नदीवर उन्हात बसून त्याने पोटरी पाहिली. लाल ठिपका, भोवती फिकट गांधी. डासाची असेल. डास इतक्या थंडीत? ढेकूण? तिळाच्या तेलाने पुरळ उठली असेल. प्रत्येक उत्तर मनात यायचं आणि त्याच्यामागून घोंगडीचा तो उंचवटा यायचा. डॉक्टर म्हणाला होता, दोन दिवसांत कळतं, कधी पाच. पाच दिवस! सावित्रीचं पाणी गुडघ्यापर्यंत होतं, लख्ख, तळाचे दगड दिसत होते. आंबेनळी घाटाच्या बाजूने वारा येत होता. पोरगी आता वरंधला आजीच्या मागे मागे फिरत असेल. त्याला एकाएकी रडू आलं, आणि ते रडू पुरं व्हायच्या आत राग परत आला, कारण रागात निदान दुसरं कुणी असतं. तो उठला. धोतर नेसला. बाटली तिच्या नाकाशी धरून विचारायचं: हे काय आहे? माणसाच्या जिवापेक्षा तेल महाग झालं का, ठमाबाई? वाक्य त्याने माळापर्यंत तीन-चार वेळा घोकलं.

ठमाबाईच्या खोपटाशी वेगळीच बाई होती, चुलीवर पेज ढवळत. त्याला पाहून ती पदर सावरून उठली. "या भटजी. मी तुळसा, वैनींची ननंद, बिरवाडीची. वैनींना परवापासनं ताप हाय, म्हनून आले. थंडीताप हाय," हे शेवटचं ती जरा घाईने म्हणाली. दत्ताराम चार हात दूरच थांबला. थंडीताप! सगळ्यांना थंडीतापच येतो. खोपटाच्या दारातून आतला काळोख दिसत होता आणि काळोखात एक घोंगडी.

"कोन हाय गो, तुळसा?" आतून आवाज आला, बारीक.

"भटजी आलेत, वैनी."

"तेल पुरलं काय इचार त्यांना."

बघा! ताप असो नाहीतर काही असो, टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही. त्याने बाटली वर धरली. घोकलेलं वाक्य मात्र आयत्या वेळी तोंडात वाकडं झालं. "पुरलं ना," तो म्हणाला, "तिळाचं होतं. चांगलं होतं. पुरेपूर पुरलं."

तुळसाचा चेहरा खुलला. "मीच भरलं वो! वैनींनी सांगितलं बाटली भरून ठेव कोनाड्यात. म्हटलं, संक्रांतीचा दिस, देवापुढं कडू तेल काय जाळायचं? बिरवाडीसनं येताना घरचं गोडं तेल आनलं व्हतं, तेच घातलं. एका दिव्याला लागतं किती? बोटभर बास झालं."

आत घोंगडी हलली. मग आवाज आला तो असा की त्या तापातल्या बाईत एवढा जोर असेल असं वाटलं नसतं. "काय घातलंस? अगो तुळसा, काय केलंस हे! ती बाटली दिव्याची नाय."

"दिव्याची नाय, तर कुनाची?"

"भटजींच्या पायांची."

तुळसा आ वासून त्याच्या पायांकडे पाहायला लागली. दत्तारामला बाटली कुठे लपवावी कळेना. आतून ठमाबाई बोलतच होती, थांबत, धाप लागत. "सोवळ्यात पट्ट्या नाय चालत त्यांना. उघडे पाय घेऊन जातात बिचारे. पयल्या आठवड्यात मी बघितलं, बाटली लवकर उतरली, नि पायांना करंजेलाचा वास. म्हटलं, बरं झालं, त्यांचं त्यांनाच सुचलं. मागायला लाजले असते. नि मी आपनहून दिलं असतं तर आनिक लाजले असते. मंग मीच भरून ठेवायला लागले, गळ्यापर्यंत. दिव्याला पळीभर, बाकी पायांना. चार दिसांमागं मुद्दाम बघितलं, पाय तुकतुकीत हायत का. व्हते. मला बरं वाटलं. आज उघडेच गेलात काय, भटजी? चावलं नाय ना काय?"

त्याचा हात तोवर पोटरीवर गेला होता. केव्हापासून खाजवत होता त्यालाच ठाऊक नाही. तुळसा ते पाहत होती. सांगावं, सगळं सांगावं, दिव्याचं सांगावं, मनात काय काय आणलं ते सांगून तिच्यापुढे डोकं टेकावं असं त्याला वाटलं. तोंडातून निघालं ते दुसरंच.

"मुंगी चावली," तो म्हणाला.

आवाज त्याचा नव्हता. त्याने तो ओळखला. तीस वर्षांपूर्वी संध्याकाळी ओटीवरून आलेला आवाज, अगदी तसाच, सहज. म्हणजे हे असं होतं तर. वडिलांनी फसवलं नव्हतं कुणाला. समोरच्याचा जीव घाबरू नये म्हणून माणूस मुंगी म्हणतो.

"नि दिवा?" ठमाबाई विचारत होती. "दिवा लागला ना? सयाजीचं कागद नाय आलं म्हैना झाला. पन दिवा हाय तंवर मला घोर नाय."

"लागला," दत्ताराम म्हणाला.

"मंग झालं. तुळसा, मडक्यात करंजेल हाय, दे बाटली भरून. गळ्यापर्यंत भर हां." तुळसा बाटली घेऊन आत गेली. जाताना तिने दारातलं सूप बाजूला केलं आणि आत उजेड पडला. ठमाबाई उताणी पडली होती, चेहरा तापाने तांबडालाल, डोळे मिटलेले. घोंगडी गळ्यापर्यंत ओढलेली होती. उजवा गुडघा तिने दुमडून घेतला होता, आणि तिथे घोंगडीचा उंचवटा झाला होता. तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, मग तो कुठे पाहतो आहे तेही पाहिलं.

"थंडीताप हाय, भटजी," ती म्हणाली. "उद्या उतरंल."

"हो, उतरेल की," तो म्हणाला. "डॉक्टरला मात्र आजच दाखवा. मी स्वतः पाठवतो त्याला."

डॉक्टर माळाच्या टोकाला तंबूत होता. त्याला ठमाबाईचं नाव सांगून, त्याला तिच्या वाटेला लावून दत्ताराम परत फिरला. स्वतःचं सांगितलं नाही. म्हटलं, परत येऊन सांगू. डोक्यावर ऊन आलं होतं. तो नदी ओलांडताना धावत होता. धोतर भिजलं, वाटेत एक दगड अंगठ्याला लागला, पण भरलेली बाटली त्याने छातीशी धरली होती. तापाने तिची शुद्ध जायच्या आत निदान 'दिवा लागला' हे एक वाक्य खरं व्हायला हवं होतं. ओटीवर आल्यावर हात सवयीने पायांकडे वळले. बाटलीचं बूच निघालं आणि तो कडवट, उग्र वास त्याच्या तोंडावर आला. पाय आधी, मग देव, दीड महिन्याचा क्रम तो. पण तो तिथे थांबला नाही. तसाच उघड्या पायांनी आत गेला, लवंडलेलं ताम्हण ओलांडून देवापुढे जमिनीवरच बसला, समईची काजळी पुसली, वात ओढली, तेल घातलं. पहिली काडी विझली. दुसऱ्या काडीला वात तडतडली, आणि मग धरली. टाकांवर उजेड आला. पायांवर काळे ठिपके उड्या मारत होते, दोन, तीन, चार. तो त्यांच्याकडे पाहत होता आणि हलत नव्हता. ज्योत स्थिर होईपर्यंत तो तसाच बसला. मग त्याने बाटली जवळ ओढली, पाय पुढे घेतले, आणि आता काही उपयोग असो वा नसो, गुडघ्यापासून नखांपर्यंत, तिने दिलं होतं ते सगळं तेल लावलं.